जुन्या गाडीत एसी लावला की इंजिन बसतं, त्याचं आयडलिंग कसं लावायचं

जुलैतली रात्र होती, म्हापशाहून पणजीला येत होतो बाबांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीने, पाऊस असा की वायपर फास्टवर ठेवूनही पुढचं दिसेना, आतून काच धुरकट झाली म्हणून एसी लावला, आणि पर्वरीच्या ट्रॅफिकमधे ब्रेक मारून थांबलो की इंजिन थरथरायचं आणि फुस्स करून बंद. चालू करा, पुढे जा, परत बंद. पाच-सहा वेळा असं झालं. दुसऱ्या दिवशी एका गराजमधे नेली तर मेस्ताने (मेकॅनिकने) बॉनेट उघडलं, कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि म्हणाला झालं. गाडी बंद पडायची थांबली हे खरं, पण एसी नसताना ती नुसती रेकायला लागली, पेट्रोल जास्त जायला लागलं, आणि चावी काढली तरी इंजिन दोन-तीन सेकंद धडधडत राहायचं. त्यानंतर हा विषय मी नीट शिकून घेतला. नुकतीच जुनी गाडी घेतलेल्यांना, किंवा घरातली पद्मिनी, अँबेसिडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० परत रस्त्यावर काढणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. स्लो स्क्रू, म्हणजे एक्सिलेटर न दाबता इंजिन किती वेगाने फिरेल (आयडलिंग) ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू, हा एसीसाठी नाही. एसी बंद असताना इंजिन जिथे शांत चालतं तिथेच स्लो राहिला पाहिजे, आणि एसीसाठी जी जास्तीची रेस लागते ती वेगळ्या सोयीने, कॉम्प्रेसर चालू असेल तेवढ्याच वेळेपुरती मिळाली पाहिजे.

आधी हे का होतं ते समजून घ्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, पण ती चाळीस मिळते जोरात पळताना. आयडलिंगला इंजिन जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरतंच पेट्रोल घेत असतं. त्यात कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच (त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा) टक् करून बसला की अचानक दोन-तीन हॉर्सपॉवरचं ओझं येतं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला हे आधीच कळतं आणि तो हवा वाढवतो, कार्बोरेटरला मात्र कोण सांगणार? थ्रॉटल (हवेची झडप) आहे तिथेच राहतो, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) पडतात, ते पडले की मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) नीट ओढलं जात नाही, म्हणून अजून पडतात. वर ब्लोअर आणि कंडेन्सरचा पंखा मिळून सहज पंधरा-वीस अँपिअर मागतात, ते द्यायला अल्टरनेटर जड होतो आणि त्याचंही ओझं इंजिनवरच. म्हणून आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यातली दुपार नव्हे, पावसातली रात्र. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसी, सगळं एकदम.

सुरुवात: इंजिन मुळात ठीक आहे का

ही पायरी नवीन लोक हमखास गाळतात आणि मग महिनाभर स्क्रू फिरवत बसतात. चारातला एक सिलिंडर अर्धवट मारत असेल तर एसीशिवाय गाडी कशीबशी चालते आणि एसी लावला की मरते, तिथे दोष एसीचा नसतोच. प्लग काढून बघा, गॅप मॅन्युअलप्रमाणे करा. सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी उघडझाप करणारे) असतील तर घासलेले बदला, गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या मधे असतो पण आपल्या गाडीचा आकडा बघूनच लावा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग टायमिंग (ठिणगीची वेळ), ह्याच क्रमाने. एअर फिल्टर हातात घेऊन बघा, आपल्या लाल मातीच्या रस्त्यावर तो लवकर चोंदतो.

मग हवेची गळती. गोव्यातल्या दमट खाऱ्या हवेत रबरी पाइप बाहेरून धड दिसतात आणि वाकवले की चिरा दिसतात. कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युम पाइप, एकेक करून बघा. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घेऊन इंजिन चालू असताना सांध्यांवर थोडं थोडं मारा, कुठे आवाज बदलला तर गळती तिथे. (कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका.) आणि थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून बघा, वर-खाली खडखडत असेल तर तिथून हवा आत जाते आणि अशा कार्बोरेटरचं आयडलिंग कुणी कितीही केलं तरी टिकत नाही, बुश बदलून घ्यावेच लागतात. मी ह्या दांड्यावर दीड महिना घालवला, आधी एकदा हलवून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

इंजिनचे माउंटिंगही बघा. ते बसलेले असले की बरोबर आरपीएमलाही गाडी इतकी थरथरते की आपल्याला वाटतं स्लो कमी आहे.

स्लो लावणे, एसी बंद ठेवून

गाडी सपाट जागी, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. बंद शेडमधे करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, काही पंख्याच्या किंवा पट्ट्याच्या जवळ जाता नये.

इंजिन पूर्ण गरम होऊ दे, म्हणजे वीसेक मिनिटं चालवून आणा, चोक पूर्ण आत. आरपीएम कानाने ठरवू नका. प्लगच्या वायरला चिमटा लावायचा टॅकोमीटर मिळतो तो घ्या नाहीतर मागून आणा, आणि त्यावर सिलिंडरचं सेटिंग बघा. मारुती ८०० तीन सिलिंडरची, मीटर चारवर ठेवला तर आकडा चुकीचाच दाखवणार.

एक्सिलेटरच्या केबलला एक-दोन मिलिमीटर ढील हवी. केबल ताणलेली असेल तर थ्रॉटल स्क्रूवर बसतच नाही, आपण स्क्रू फिरवतो आणि काहीच होत नाही.

आता दोन स्क्रू. एक थ्रॉटल अडवणारा, त्याला आपण स्लो म्हणतो, आणि दुसरा मिक्श्चरचा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा (जोराने आवळला तर टोकाला खाच पडते आणि मग तो कायमचा बिघडला), मग दीड ते दोन फेरे बाहेर काढा, तिथून पाव पाव फेरा आत-बाहेर करत जिथे इंजिन सगळ्यात वर आणि गुळगुळीत चालतं ती जागा शोधा. आरपीएम वाढले की स्लो स्क्रूने खाली आणा, परत मिक्श्चर, परत स्लो. दोन-तीन वेळा असं केलं की जागा सापडते. पद्मिनीसारख्या चार सिलिंडर गाडीला ७५० ते ८५० च्या मधे, मारुती ८०० ला ९०० च्या आसपास, हे साधारण आकडे, तुमच्या मॅन्युअलमधे वेगळा असेल तर तोच खरा.

मिक्श्चरचा स्क्रू फिरवूनही इंजिनमधे काही फरकच पडत नसेल तर समजा की स्लो स्क्रूने थ्रॉटल जास्त उघडा ठेवलाय, पेट्रोल आता पुढच्या भोकांमधून ओढलं जातंय आणि मिक्श्चरच्या स्क्रूला बायपास करतंय. माझ्या गाडीत त्या अर्ध्या फेऱ्याने नेमकं हेच झालं होतं. चावी काढल्यावर धडधडण्याचं कारणही तेच, उघड्या थ्रॉटलमधून मिक्श्चर आत येत राहतं आणि गरम सिलिंडरमधे ठिणगीशिवाय पेटतं. नाहीतर स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारा बारीक भोकाचा तुकडा) चोंदलेला असेल, तो काढून हवेने साफ करा, तार घालू नका.

इथे पेट्रोलबद्दल बोललंच पाहिजे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर तीच गाडी आपोआप पातळ मिक्श्चरवर चालते. पातळ मिक्श्चरचं आयडलिंग नाजूक, एसीचा धक्का सोसत नाही. मिक्श्चर स्क्रू थोडा जास्त बाहेर ठेवावा लागतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जाणकाराकडून जेट एक नंबर मोठा करून घ्यावा. जुने रबरी पेट्रोल पाइप बदलून इथेनॉल चालणारे टाका. आणि पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकीत तेच पेट्रोल तसंच सोडू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि चवथीला गाडी काढाल तेव्हा तळाला पाणी.

एसी लावून किती पडतं ते मोजा

आता एसी चालू, ब्लोअर फुल, आणि मीटरकडे बघा. कॉम्प्रेसर बसल्यावर ५०-१०० आरपीएम पडले तर इंजिन मजबूत आहे. २०० च्या वर पडत असतील तर रेस वाढवायची सोय लागणारच, पण त्याआधी ओझं विनाकारण जास्त नाही ना हे बघा. लोक उलट करतात, ओझ्याकडे बघतच नाहीत.

पहिलं म्हणजे कॉम्प्रेसर कोणता बसवलाय. बाहेरून किट लावलेल्या पुष्कळ गाड्यांत सँडेन ५०८ किंवा त्यासारखा असतो, पाच पिस्टनचा, साधारण १३८ सीसीचा. ११०० सीसीच्या इंजिनला तो भारी होतो. ५०५ म्हणजे ८७ सीसीचा, तो लहान गाडीला पुरतो, कारण पद्मिनीची केबिन केवढीशी. मी जाऊन लहान बसवला आणि इंजिन पडण्यात जो फरक पडला तो कुठल्याच स्क्रूने पडला नव्हता. दोन पिस्टनचे फार जुने कॉम्प्रेसर असतात ते तर प्रत्येक फेऱ्याला हिसका देतात.

दुसरं म्हणजे हवा. कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढचा, डिस्ट्रिब्युटरवरचा छोटा नव्हे, दोघांना आपण एकच नाव दिलंय म्हणून गराजमधे हमखास गोंधळ होतो. तर हा पुढचा कंडेन्सर थंड झाला नाही की गॅसचं प्रेशर चढतं आणि तेच प्रेशर कॉम्प्रेसरला ढकलावं लागतं, म्हणजे इंजिनला. गाडी उभी असताना इंजिनचा पंखा हळू फिरतो, म्हणून कंडेन्सरला स्वतःचा इलेक्ट्रिक पंखा हवाच आणि तो कॉम्प्रेसरबरोबर चालू झालाच पाहिजे. पंखा उलटा तर फिरत नाही ना बघायला पुढच्या जाळीला कागद लावा, चिकटला पाहिजे. जाळीत किडे, माती, पानं अडकलेली असतात ती हलक्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या कंडेन्सरच्या पात्या खाऱ्या वाऱ्याने पावडर होऊन गळतात, बोट लावलं की कळतं, तसा झाला असेल तर बदलणे हाच उपाय.

तिसरं म्हणजे गॅस. थंड होत नाही म्हणून गॅस वाढवून घेतला की आयडलिंग अजून बिघडतं. आर-१३४ए असेल तर गाडी उभी, उन्हाळ्याचा दिवस, हाय साइडला (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या, जास्त प्रेशरच्या बाजूला) २५० पीएसआयच्या आसपास ठीक, ३०० च्या वर राहत असेल तर गॅस जास्त किंवा कंडेन्सर-पंखा कमी. जुन्या एसी गाड्यांत आर-१२ गॅस असायचा, तो आता मिळत नाही, आणि तीच सिस्टिम आर-१३४ए वर आणताना ऑइलही बदलावं लागतं आणि कंडेन्सर जमला तर मोठा, कारण ह्या गॅसचं प्रेशर गरमीत जास्त चढतं. गॅसचे पाइप स्वतः उघडू नका, हात भाजतो आणि डोळ्यांत गेला तर फार वाईट.

कॉम्प्रेसरचा पट्टा अंगठ्याने दाबून बघा, साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. फार ताणला तर बेअरिंग जातं, सैल असला तर क्लच बसताना किंचाळतो.

रेस वाढवायची सोय

मारुती ८०० च्या कंपनी एसीच्या गाडीत ही सोय मुळातच आहे. एक छोटा व्हॅक्युम स्विच, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, आणि कार्बोरेटरजवळ पितळी-लोखंडी डबीसारखं एक ॲक्च्युएटर, त्यात रबराचा पडदा. एसी लावला की व्हॉल्व्ह उघडतो, मॅनिफोल्डचा (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीचा) व्हॅक्युम पडद्याला ओढतो, पडद्याची दांडी थ्रॉटल किंचित उघडते. जुन्या गाडीत हा पाइप कुणीतरी काढून टोकाला स्क्रू ठोकून बंद केलेला सापडतो. आधी तो बघा, कदाचित पंधरा रुपयांच्या पाइपवर काम होईल. पडदा फाटलाय का बघायला पाइपाला तोंडाने ओढून जीभ लावा, व्हॅक्युम टिकला तर चांगला.

पद्मिनी-अँबेसिडरला हेच बाहेरून बसवता येतं. डबी ब्रॅकेटने कार्बोरेटरच्या नटांवर घट्ट, दांडी थ्रॉटलच्या लिव्हरला *ढकलणारी* ठेवा, बांधलेली नको. हे मी हात जोडून सांगतो. लिव्हरला तारेने बांधलेली दांडी अडकली तर थ्रॉटल उघडा राहतो, आणि चोर्ला घाटात उतारावर ते झालं तर काय होईल विचार करा. परत येणारी स्प्रिंग चांगली हवी, शक्य तर दोन.

व्हॅक्युम घेताना मॅनिफोल्डवरच्या वेगळ्या तोटीवरून घ्या, ब्रेक बूस्टरच्या पाइपात टी जोडू नका.

वायर कुठून घ्यायची ह्यावर मतं दोन. काहीजण एसीच्या स्विचवरून घेतात, मग कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटने सुटला तरी रेस वरच राहते आणि गाडी उगाच ओरडते. मी कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवरून घेतो, ओझं आलं की रेस, ओझं गेलं की रेस खाली. ह्यात क्लच बसताना क्षणभर आरपीएम थोडे बुडतात आणि मग वर येतात, पडद्याला ओढायला तेवढा वेळ लागतोच, त्यात काळजीचं काही नाही. व्हॅक्युम व्हॉल्व्ह फार कमी करंट घेतो म्हणून सरळ जोडला तरी चालतं. विजेवर ढकलणारा सोलेनॉइड लावणार असाल तर मात्र रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) पाहिजे, त्याच्या पिनांच्या नंबरप्रमाणे: ३० ला बॅटरीवरून फ्यूज घालून, ८७ सोलेनॉइडला, ८६ क्लचच्या वायरला, ८५ अर्थला. आणि तो सोलेनॉइड बहुतेक वेळा स्वतःच्या जोराने थ्रॉटल उघडू शकत नाही, फक्त धरून ठेवतो, म्हणजे एसी लावल्यावर एकदा एक्सिलेटर टपकन मारावा लागतो. कॉम्प्रेसर दर मिनिटाला सुटतो-बसतो, तेव्हा दर वेळी ते जमणार नाही. माझं मत व्हॅक्युमवाल्यालाच.

अर्थ बघा हो. खाऱ्या हवेत अर्थची पट्टी हिरवी-पांढरी होते आणि मग नवीन व्हॉल्व्हही खराब आहे असं वाटतं. घासून, घट्ट करून वर ग्रीस लावा.

शेवटचं सेटिंग, सगळं चालू करून

दांडीचा स्क्रू असा लावा की एसी चालू असताना आरपीएम मूळ स्लोएवढे किंवा ५०-१०० जास्त येतील. ८०० चा स्लो असेल तर एसीवर ८५० ते ९००. अकराशे-बाराशेवर नेलं तर गार जास्त वाटेल, पण पहिला गिअर टाकताना खटका बसेल आणि ट्रॅफिकमधे क्लच सोडला की गाडी पुढे ओढेल.

मग संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी उभी करून हेडलाइट, वायपर, ब्लोअर फुल, एसी, आणि ब्रेक दाबून दिवे लागलेले, सगळं एकदम चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १३ व्होल्टच्या वर राहिले तर झकास. साडेबाराच्या खाली घसरत गेले तर अल्टरनेटर पुरत नाही, बॅटरी संपतेय, कॉइललाही कमी व्होल्ट मिळून ठिणगी कमजोर होतेय आणि आयडलिंग त्यामुळेच पडतंय, तिथे कुठलाच स्क्रू कामाचा नाही. जुन्या डायनॅमोवर एसी चालवायचा विचारही करू नका, तो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही, आधी अल्टरनेटर बसवा.

त्यानंतर खरी चाचणी रस्त्यावर. अर्धा तास चालवून गरम गाडी घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत घाला, किंवा पणजीत १८ जून रोडवर संध्याकाळी. ब्रेक मारून एकदम थांबा, क्लच दाबा, बघा आरपीएम किती खाली जाऊन परत येतात. घरच्या अंगणात थंड हवेत लावलेलं सेटिंग तिथे थोडं बदलावं लागतंच.

चालवतानाच्या काही सवयी पण सांगतो. स्टार्ट करताना एसी बंद, बंद करायच्या आधी मिनिटभर एसी बंद. रायबंदर-चोडण फेरीच्या रांगेत उभे असाल तर एसी काढून काचा उघडा, नदीचा वारा असतोच, आणि फेरीच्या फळीवर चढताना तर नक्की काढा, तिथे अर्धा क्लच आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकदम म्हणजे इंजिन बसणारच आणि मागे रांग. अनमोड किंवा चोर्ला चढताना टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष, अर्ध्याच्या वर गेला की एसी बंद.

सगळं जमलं की दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर आणि बाजूच्या लोखंडावर नेलपॉलिशने एक सरळ रेघ मारून ठेवा, आणि पाचशे किलोमीटरनंतर परत मीटर लावून बघा. गराजमधून गाडी आली की घरी नेण्याआधी बॉनेट उघडून ती रेघ जुळते का तेवढं बघायचं, नाही जुळली तर तिथेच विचारायचं की हा स्क्रू का फिरवला.